बॅज मिळाला, पण शिकणं झालं का?

मार्च जवळ आला की ऑफिसात ‘कोर्स पूर्ण करा’ अशा मेल्सचा मारा सुरू होतो. सायबर सुरक्षा, केवायसी, लैंगिक छळ प्रतिबंध, आगीपासून बचाव. लोक आवाज म्यूट करतात, दुसऱ्या विंडोत काम चालू ठेवतात आणि ‘नेक्स्ट’ दाबत दाबत सर्टिफिकेट गाठतात. हा कंटाळा घालवायला प्रशिक्षणात खेळाचे घटक आले: गुण, बॅज, लेव्हल, लीडरबोर्ड. केंद्र सरकारच्या ‘आयगॉट कर्मयोगी’ मंचावरही कोर्स पूर्ण केल्यावर ‘कर्मा पॉइंट्स’ मिळतात. कल्पना चांगली आहे आणि ती नीट वापरली जावी असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच तिच्याबद्दलचे काही समज तपासायला हवेत.

गैरसमज: गुण आणि बॅज लावले की लोक मन लावून शिकतात

गुण दिसल्यावर पहिले काही दिवस उत्साह येतो, हे खरं. पण 2012 मध्येच ‘गार्टनर’ या सल्लागार संस्थेने इशारा दिला होता, की अशा उपक्रमांपैकी 80 टक्के 2014 पर्यंत आपलं उद्दिष्ट गाठू शकणार नाहीत आणि त्याचं मुख्य कारण असेल सदोष रचना. जुन्याच स्लाइड्सवर गुण चिकटवले, तर माणूस गुण मिळवायला शिकतो. विषय होता तिथेच राहतो.

लक्षात राहण्याचं काम प्रश्न करतात. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तेच पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे 42 टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. चांगला खेळ हेच करत असतो. तो सतत विचारतो, चूक लगेच दाखवतो आणि पुन्हा संधी देतो.

बँकेच्या शाखेतलं एक उदाहरण घेऊ. एक वयस्क ग्राहक घाईघाईने येतात. एफडी मोडून सगळी रक्कम एका अनोळखी खात्यात पाठवायची म्हणतात. फोन कानाला आहे आणि कारण सांगत नाहीत. आता काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने काय करायचं? ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने होणाऱ्या फसवणुकीवर तीस स्लाइड्स दाखवण्यापेक्षा हा प्रसंग पडद्यावर आणा. तीन पर्याय द्या. कर्मचाऱ्याने ‘ग्राहकाची इच्छा’ म्हणून व्यवहार केला, तर पुढच्या दृश्यात रिकामं झालेलं खातं दिसू द्या. मग त्यालाच परत त्या क्षणाशी आणा आणि बाजूला बसवून, फोन ठेवायला सांगून, विश्वासात घेऊन विचारण्याचा पर्याय आजमावू द्या. इथे एकही गुण नाही, तरी हा खेळच आहे. अशी फसवणूक सावध बँक कर्मचाऱ्यांनी वेळीच थांबवल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ही सावधता सरावाने येते, आणि तो सराव कुणाची आयुष्यभराची पुंजी पणाला न लावता करता येणं, हे खेळाचं सर्वांत मोठं देणं आहे.

गैरसमज: स्पर्धा लावली की सगळेच धावतात

धावतात ते पहिल्या पाच-सात जागांच्या आसपासचे. दोनशे जणांच्या यादीत 143व्या नंबरवर असलेल्याला ती यादी रोज एवढंच सांगते, की तुझ्याने होणार नाही. 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँड हॉटेलच्या लाँड्रीत कामगारांची नावं आणि वेग पडद्यावर झळकू लागले, तेव्हा कामगारांनी त्याला ‘इलेक्ट्रॉनिक चाबूक’ असं नाव दिलं. तो पडदा प्रशिक्षणाचा नव्हता, पण चारचौघांत नंबर लावल्यावर माणसाला काय वाटतं, हे त्यातून कळतं. शिकण्याच्या बाबतीतही पुरावा आहे. हेनस आणि फॉक्स या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात सोळा आठवडे दोन वर्गांची तुलना केली आणि 2015 मध्ये निष्कर्ष मांडले. बॅज आणि लीडरबोर्ड असलेल्या वर्गाची आवड हळूहळू घटली आणि अंतिम परीक्षेतले गुणही कमी आले.

स्पर्धा हवीच असेल तर ती माणसाच्या स्वतःच्या मागच्या कामगिरीशी ठेवा, किंवा टीमला एकत्र उद्दिष्ट द्या. तळाची नावं जाहीर करू नका.

गैरसमज: बक्षिसाने नुकसान तर होत नाही

होऊ शकतं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा 1973 मधला प्रयोग चित्रं काढायची हौस असलेल्या लहान मुलांवर होता. ज्यांना आधीच प्रशस्तिपत्राचं आमिष दाखवलं, त्यांनी पुढे मोकळ्या वेळात इतर मुलांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना दिला. अचानक बक्षीस मिळालेल्यांची हौस मात्र टिकली. म्हणून ज्यांना विषयाची मुळातच गोडी आहे, त्यांच्यापुढे बॅजचं आमिष आधीच धरू नका.

गैरसमज: खेळ कुणाला नको असतो?

अनेकांना नको असतो. अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलच्या मॉलिक आणि रॉथबार्ड या संशोधकांनी एका कंपनीच्या विक्री विभागात खेळ लावून पाहिला. ज्यांनी तो मनातून स्वीकारला ते खूश झाले. ज्यांना तो लादलेला वाटला ते पूर्वीपेक्षा नाखूश झाले. त्यामुळे ज्याला साधा मजकूर वाचून परीक्षा द्यायची आहे, त्याला तशी मुभा हवी. काही विषयांत तर गुणांचा टणत्कारच अशोभनीय ठरतो. लैंगिक छळाच्या प्रशिक्षणात ‘शाब्बास, 50 गुण!’ ऐकून एखाद्या सहकारी स्त्रीला काय वाटेल, याचा विचार व्हायला हवा. तिथे प्रसंग आणि निर्णय पुरेसे आहेत.

मग हे सगळं फोल आहे का? तेही नाही. सेलर आणि होम्नर या संशोधकांनी 2020 मध्ये शिकण्यात खेळाचे घटक वापरण्याबद्दलचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा परिणाम लहान पण सकारात्मक दिसला.

गैरसमज: 100 टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला, म्हणजे काम फत्ते

डॅशबोर्डवरचा हा आकडा फक्त हजेरी सांगतो. महिन्याभराने, आगाऊ कल्पना न देता, तीन प्रश्न विचारा. सायबर सुरक्षेचा कोर्स असेल तर एक बनावट फिशिंग मेल पाठवून किती जणांनी लिंक उघडली आणि किती जणांनी ती आयटी विभागाला कळवली, ते मोजा. जे फसले त्यांची नावं फळ्यावर लावू नका. त्यांना तोच प्रसंग पुन्हा खेळायला द्या.