‘कार्यक्षम’ या शब्दाचा अर्थ

२७ ऑगस्ट १९५६, सोमवार. व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड इथे राज्याच्या विधिमंडळाचं खास अधिवेशन सुरू झालं. एरवी ही जनरल असेंब्ली सम वर्षांच्या जानेवारीत भरायची, साठ दिवसांत काम उरकायची, आणि मग आमदार आपापल्या शेतीकडे, वकिलीकडे, धंद्याकडे परतायचे. त्या वर्षीचं नियमित अधिवेशन तर कधीच आटोपलं होतं. तरी ऐन उन्हाळ्यात गव्हर्नर थॉमस स्टॅन्ली यांनी सगळ्यांना परत बोलावून घेतलं. काम एकच होतं. गोरी मुलं आणि कृष्णवर्णीय मुलं एका शाळेत बसू नयेत, यासाठी कायदे करायचे होते.

अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. तो लोकांनी निवडलेला असतो आणि राज्याचा कारभार खरोखर त्याच्या हाती असतो. शाळा हा तिथे राज्याचा विषय. शाळा कशी चालावी आणि तिला पैसा कुठून मिळावा, हे राज्याचं विधिमंडळ ठरवतं. म्हणूनच वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळांविरुद्ध दिलेल्या निकालाची खरी लढाई राज्याराज्यांच्या विधिमंडळांत लढली गेली.

हे विधिमंडळ साधंसुधं नव्हतं. त्याची परंपरा १६१९ पर्यंत मागे जाते. पश्चिम गोलार्धात इतकं जुनं आणि अखंड चाललेलं दुसरं विधिमंडळ नाही. त्याची इमारत थॉमस जेफरसनने एका प्राचीन रोमन मंदिराच्या नमुन्यावरून आखली, आणि तिच्या घुमटाखाली जॉर्ज वॉशिंग्टनचा संगमरवरी पुतळा उभा आहे. अशा ठिकाणी महिनाभर बसून शिकल्यासवरल्या माणसांनी सरकारी शाळा बंद पाडण्याचे कायदे लिहिले.

गोष्ट खरी सुरू होते ती पाच वर्षं आधी, रिचमंडच्या नैर्ऋत्येला असलेल्या फार्मव्हिल या छोट्या गावात. प्रिन्स एडवर्ड काउंटीतली कृष्णवर्णीय मुलांची मोटन हायस्कूल ही शाळा १९३९ साली १८० मुलांसाठी बांधली होती. १९५१ पर्यंत तिथे साडेचारशेच्या वर मुलं शिकत होती. वर्ग पुरेनात म्हणून अंगणात डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी शेडा उभ्या केल्या होत्या. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने सगळ्या शाळेला एकत्र केलं आणि संप पुकारला. मुलांना हवी होती धड इमारत. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे नागरी हक्कांचे वकील रिचमंडहून आले. त्यांनी पालकांना विचारलं, नव्या इमारतीपुरतं न थांबता वेगळ्या शाळांची पद्धतच न्यायालयात आव्हान देऊन मोडायची तयारी आहे का? पालक तयार झाले. पुढे ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या नावाने गाजलेल्या खटल्यात पाच दावे एकत्र झाले होते, त्यांतला एक हा फार्मव्हिलचा. पाचांपैकी याच एका दाव्याचा उगम विद्यार्थ्यांच्या संपात होता.

१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: वंशावरून शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य आहे.

व्हर्जिनियाचं राजकारण तेव्हा एका माणसाभोवती फिरत असे. हॅरी बर्ड हे माजी गव्हर्नर होते, १९३३ पासून वॉशिंग्टनमध्ये सिनेटर होते आणि सफरचंदांच्या मोठ्या बागांचे मालक होते. त्यांच्या डेमोक्रॅटिक संघटनेची पकड गावपातळीपर्यंत घट्ट होती. मतदार कमी असल्याने ही पकड टिकून राहिली. १९०२ च्या राज्यघटनेने दीड डॉलर वार्षिक मतदान-कर लावला होता, आणि मत द्यायचं तर मागच्या तीन वर्षांचा कर भरलेला असावा लागे. त्यामुळे बहुतेक कृष्णवर्णीय आणि पुष्कळ गरीब गोरे मतपेटीपर्यंत पोचतच नसत. कनिष्ठ सभागृहाचे शंभर आणि सिनेटचे चाळीस मिळून १४० आमदार; १९५६ साली त्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. ज्यांच्या मुलांचं भवितव्य ठरत होतं, त्यांचा तिथे एकही प्रतिनिधी नव्हता. तसा प्रतिनिधी या सभागृहात परत आला तो १९६८ च्या जानेवारीत, डॉक्टर विल्यम फर्ग्युसन रीड यांच्या रूपाने.

फेब्रुवारी १९५६ मध्ये बर्ड यांनी दक्षिणेकडच्या राज्यांना ‘प्रचंड प्रतिकारा’ची हाक दिली. त्याआधी आमदार गार्लंड ग्रे यांच्या आयोगाने त्या मानाने सौम्य योजना सुचवली होती. वेगळ्या शाळा ठेवायच्या की नाहीत, हे बऱ्याच अंशी प्रत्येक गावाने ठरवावं, आणि ज्या पालकांना मिश्र शाळा नको असेल त्यांना खासगी शाळेच्या फीसाठी सरकारने पैसे द्यावेत, अशी ती होती. जानेवारीत झालेल्या मतदानात लोकांनी फी-अनुदानासाठी घटना बदलायला संमती दिली, ती ही योजना डोळ्यांसमोर ठेवून. ऑगस्टच्या अधिवेशनात मात्र गावाने ठरवायचा भाग गळून गेला. खुद्द ग्रे यांनीच आपल्या आयोगाच्या शिफारशीकडे पाठ फिरवली. या सगळ्या प्रकरणात मतदारांशी झालेला हा सर्वांत उघड विश्वासघात होता.

गावांवर विश्वास का नको होता, याचं उत्तर वॉशिंग्टनलगतच्या आर्लिंग्टनमध्ये सापडतं. तिथल्या निवडून आलेल्या शाळा-मंडळाने १९५६ च्या सुरुवातीलाच हळूहळू शाळा एकत्र करायची योजना जाहीर केली होती. विधिमंडळाने आर्लिंग्टनचा शाळा-मंडळ निवडण्याचा हक्कच काढून घेतला.

खास अधिवेशनातल्या कायद्यांचं मर्म एका शब्दात होतं. व्हर्जिनियाच्या घटनेचं १२९ वं कलम सांगत होतं की विधिमंडळाने राज्यभर मोफत सरकारी शाळांची ‘कार्यक्षम’ व्यवस्था उभारावी आणि चालवावी. १९५६ च्या कायद्याने ‘कार्यक्षम’ची व्याख्याच बदलली. ज्या व्यवस्थेत गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एका शाळेत शिकत नाहीत तीच कार्यक्षम, आणि राज्याचा पैसा फक्त कार्यक्षम शाळांना. गळक्या छपराची, एका खोलीत दोन वर्ग भरवणारी शाळा या व्याख्येत बसत होती. उत्तम शिक्षक आणि प्रयोगशाळा असलेली शाळा मात्र एका कृष्णवर्णीय मुलाने पाऊल टाकताच ‘अकार्यक्षम’ ठरणार होती. शब्द तोच ठेवून त्यातला अर्थ काढून घेण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण कायद्याच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

यंत्रणाही तितक्याच काळजीने बसवली होती. कोणतं मूल कोणत्या शाळेत जाईल हे ठरवायला तीन सदस्यांचं मंडळ नेमलं गेलं. न्यायालयाच्या हुकमाने एखादी शाळा मिश्र झालीच, तर गव्हर्नरने ती ताब्यात घेऊन बंद करायची. एवढं करूनही ती मिश्र स्वरूपात उघडली, तर राज्याचा पैसा बंद. गोऱ्या मुलांना खासगी शाळेत जायला अनुदान. शिवाय ऑलिव्हर हिल ज्या संघटनेचे वकील होते त्या एनएएसीपीला जखडणारे सात कायदे झाले. लोकांना दाव्यासाठी प्रवृत्त करणं, दाव्याचा खर्च उचलणं हा गुन्हा, आणि सभासदांची नावं सरकारदरबारी नोंदवायची. त्यांतल्या मुख्य कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली घटनाबाह्य ठरवलं.

विरोध झालाच नाही असं नाही. अलेक्झांड्रियाचे सिनेटर आर्मिस्टेड बूथ, रॅडफर्डचे रिपब्लिकन सिनेटर टेड डाल्टन आणि आर्लिंग्टनच्या कॅथरिन स्टोन यांनी गावांना निर्णयाची मोकळीक ठेवण्याची बाजू मांडली. यांतलं कोणी झटपट समतेचं निशाण घेऊन उभं नव्हतं. शाळा बंद पडू देऊ नका, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. तेवढंही बहुमताला पटलं नाही. २९ सप्टेंबरला अधिवेशन संपलं.

दोन वर्षं शाळाबंदीचे कायदे कागदावर राहिले. सप्टेंबर १९५८ मध्ये केंद्रीय न्यायालयांचे हुकूम आले, आणि नवे गव्हर्नर लिंडसे आल्मंड यांनी शाळांना कुलपं लावली. आधी फ्रंट रॉयलचं हायस्कूल, मग शार्लट्सव्हिलच्या दोन शाळा, शेवटी नॉरफॉकच्या सहा. सुमारे १३,००० मुलं घरी बसली. त्यांतली १०,००० च्या आसपास एकट्या नॉरफॉकची, आणि ती गोरी होती. त्या सहा शाळांत प्रवेश मिळालेली कृष्णवर्णीय मुलं होती फक्त १७. चर्चच्या तळघरांत, घरांच्या बैठकीच्या खोल्यांत वर्ग भरू लागले. नॉरफॉक हे आरमाराचं मोठं ठाणं. नौदलातल्या कुटुंबांची मुलंही त्या बंद दारांबाहेर उभी होती. तिथल्या ‘व्हर्जिनियन-पायलट’चे संपादक लेनॉर चेंबर्स या बंदीविरुद्ध लिहीत राहिले, आणि त्या अग्रलेखांना १९६० चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. डिसेंबरात राज्यातल्या बड्या उद्योजकांनी गव्हर्नरांना जेवणाच्या टेबलावर स्पष्ट सांगितलं की शाळा नसलेल्या राज्यात कारखाने येत नाहीत.

१९ जानेवारी १९५९ रोजी एकाच दिवशी दोन निकाल लागले. नॉरफॉकच्या गोऱ्या पालकांनी केलेल्या दाव्यात केंद्रीय न्यायालयाने शाळाबंदी घटनाबाह्य ठरवली. आणि व्हर्जिनियाच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध २ अशा मतांनी तोच निर्णय दिला. या दुसऱ्या खटल्यात राज्याच्या बाजूने अ‍ॅटर्नी जनरल अल्बर्टिस हॅरिसन उभे होते. सरन्यायाधीश जॉन एगलस्टन यांनी आधार घेतला तो त्याच १२९ व्या कलमाचा: राज्यभर मोफत शाळा चालवणं हे विधिमंडळाचं कर्तव्य आहे, आणि व्याख्या बदलून ते टाळता येत नाही. दुसऱ्याच दिवशी आल्मंड यांनी रेडिओवरून आवेशाने प्रतिकाराची घोषणा केली. आठ दिवसांनी, २८ जानेवारीला, त्यांनी नव्या खास अधिवेशनासमोर येऊन वाट संपल्याचं मान्य केलं. २ फेब्रुवारीला नॉरफॉकमध्ये १७ आणि आर्लिंग्टनमध्ये ४ कृष्णवर्णीय मुलं कोणत्याही दंगलीविना शाळेत गेली.

माघार घेणंही सोपं नव्हतं. आल्मंड यांनी लिंचबर्गचे सिनेटर मोझबी पेरो यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याच्या योजनेला सिनेटच्या शिक्षण समितीत अडवलं जाण्याची भीती होती, म्हणून एप्रिलमध्ये सगळ्या सिनेटचीच समिती बनवायचा प्रस्ताव आला. फिनकॅसलचे सिनेटर स्टुअर्ट कार्टर शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेले होते. त्यांना मतदानासाठी सभागृहात आणलं गेलं. प्रस्ताव २० विरुद्ध १९ मतांनी मंजूर झाला. एका आजारी माणसाचं मत नसतं, तर मतं समसमान पडली असती.

पण त्या वर्षी विधिमंडळाने दोन दारं उघडी ठेवली. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा रद्द केला, आणि शाळांसाठी स्थानिक पैसा द्यायचा की नाही हे काउंट्यांवर सोडलं. प्रिन्स एडवर्ड काउंटीने त्याचा फायदा घेतला आणि १९५९ च्या सप्टेंबरात आपल्या सगळ्या सरकारी शाळा बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. बार्बरा जॉन्सच्या काउंटीतली सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलं रस्त्यावर आली. काही दुसऱ्या राज्यांत अनोळखी कुटुंबांकडे राहून शिकली, बरीच शिकलीच नाहीत. पाच वर्षं! १९५९ साली पहिलीत जायचं मूल १९६४ साली अकरा वर्षांचं झालेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९६४ रोजी काउंटीला शाळा उघडायला भाग पाडलं. फार्मव्हिलची मोटन शाळा आज संग्रहालय आहे.

१९६८ मध्ये व्हर्जिनियाने घटना नव्याने लिहिण्यासाठी अकरा जणांचा आयोग नेमला. अध्यक्ष होते अल्बर्टिस हॅरिसन, ज्यांनी १९५९ साली राज्याच्या वतीने तो खटला चालवला होता. सदस्यांत ऑलिव्हर हिल होते. १ जुलै १९७१ पासून लागू झालेल्या घटनेत शाळांच्या कलमातून ‘कार्यक्षम’ हा शब्द गेला. त्या जागी, शालेय वयाच्या सर्व मुलांसाठी राज्यभर मोफत सरकारी शाळा, असं लिहिलं गेलं आणि सक्तीचं शिक्षणही थेट घटनेत आलं.