गोठ्यातील जमाखर्च
(द्वितीय वर्ष कला)

"तुमचे काय बाई, दहा गाई! दर दहा दिवसांनी रोकडा पैसा!" असे वसतिगृहातील मैत्रिणी मला नेहमी म्हणतात. त्यांच्या डोळ्यांपुढे असते ती दुधाने भरलेली किटली. सुट्टीत घरी गेले, की गोठ्याची वही लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. ती वही लिहिताना मला कळून चुकले, की या धंद्यातला नफा ठरतो तो गाय दूध देत नसते त्या दिवसांवर. हे कसे, ते सांगते.

वाळवा तालुक्यातील आमच्या मळ्यात संकरित होल्स्टिन गाई आहेत. गाईचा गर्भकाळ नऊ महिने नऊ दिवसांचा. विण्यापूर्वी दोन महिने तिला आटवावी लागते. कासेला एवढी विश्रांती दिली नाही, तर पुढच्या वेतात दूध घटते. व्याल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांत गाय पुन्हा गाभण राहिली, तर तेरा महिन्यांनी दुसरे वेत मिळते. राहिली नाही, तर दूध उतरत जाते, आणि वैरण मात्र चालूच!

गाय माजावर येते दर २१ दिवसांनी, आणि माज टिकतो एक दिवसाहूनही कमी. पुष्कळदा रात्री-पहाटेच. सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन करावयाचे, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्या चंद्रीचे तीन माज असेच नजरेतून सुटले. ती मुकी गाय, हंबरत नाही. शेपटीला चिकटलेला काचेसारखा स्राव एवढीच तिची खूण. ६३ दिवस गेले. रोजची वैरण-पेंड २०० रुपयांची धरली, तरी १२,६०० रुपये झाले. वहीत हा आकडा मी लाल शाईने लिहिला, तेव्हा आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढच्याच महिन्यात त्यांनी दावी सोडली आणि गोठ्याभोवती कुंपण घालून मुक्त गोठा केला. मोकळ्या गाई एकमेकींवर उडतात, त्यामुळे माज लांबूनही ओळखता येतो. शिवाय तहान लागेल तेव्हा गाय हौदावर जाते. दुधात शेकडा ८७ भाग पाणीच असते, हे लक्षात घेतले म्हणजे याचे महत्त्व पटेल.

खर्चाचा निम्म्याहून मोठा वाटा चाऱ्याचा. म्हणून आम्ही मका दाणा चिकात असतानाच कापतो, कुट्टी करून खड्ड्यात दाबतो आणि हवा शिरणार नाही असा झाकतो. दीड महिन्याने मुरघास तयार. उन्हाळ्यात वैरण विकत घ्यावी लागत नाही. नुसती पेंड वाढवून दूध वाढत नाही. चोथा कमी पडला, की फॅट घसरते, आणि डेअरीत दर लागतो तो ३.५ फॅट व ८.५ एस.एन.एफ. या मापाने.

दगडीपासून जपण्याची युक्ती तर बिनपैशाची आहे. धार काढल्यावर सडाचे तोंड थोडा वेळ उघडे असते; तेवढ्यात गाय खाली बसली, की शेणातले जंतू आत शिरतात. म्हणून धारेनंतर लगेच वैरण टाकावी. खाण्यात गुंतलेली गाय उभीच राहते.

दर मात्र आपल्या हाती नाही. २०२४ साली तो इतका कोसळला होता, की राज्य शासनाला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावे लागले. म्हणूनच दिवस वाचवावयाचे.

असो. अर्थशास्त्राच्या तासाला घरच्या श्रमाचे मूल्य हा भाग शिकल्यावर मी दिवाळीत वही पुन्हा मांडली. आई पहाटे चारला उठते. शेण, धारा, कुट्टी, पुन्हा संध्याकाळी तेच. तिच्या नावावर गावातल्या बायकांची शेतमजुरी धरली, तर वर्षाचा नफा जवळजवळ निम्म्यावर आला! आप्पांना दाखवले. ते म्हणाले, "अगं, घरच्या माणसाची कसली मजुरी?"

आई चुलीपाशी होती. तिथूनच तिने विचारले, "किती झाली गं माझी?"

मी आकडा सांगितला. तिने तो दुसऱ्यांदा सांगायला लावला. आता धारा काढण्याचे यंत्र घ्यावे, असे घरात चालले आहे. त्यासाठी कोणती गाय विकावी, एवढेच ठरावयाचे आहे. आई म्हणते, चंद्री नको.