भागिले सव्वीस, अधिक एक

तालुका कोर्टात वकिली करणाऱ्या एका मुलीनं विचारलं होतं, "ताई, मी बार कौन्सिलच्या निवडणुकीत सहा जणांना पसंती दिली. त्या सहाव्या नंबरचं पुढं काय होतं?" वर्षानुवर्षं मतदान करणाऱ्या वकिलांनाही ते नीट सांगता येईना. म्हणून मी मोजणी पाहायला गेले.

महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलवर २५ जण निवडून जातात, १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनुसार, एकल संक्रमणीय मतानं. पेट्या उघडल्या, बाद पत्रिका बाजूला निघाल्या, पहिल्या पसंतीचे गठ्ठे बांधून झाले. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

समोरच्या टेबलावर एक निवृत्त शिरस्तेदार बसले होते. बोटाला रबरी टोपी, शेजारी ओला स्पंज. निवडून यायला लागणाऱ्या मतांचा कोटा कसा काढता, विचारलं तर मान वर न करता म्हणाले, "वैध मतं भागिले सव्वीस, अधिक एक." जागा पंचवीस, मग सव्वीस कशाला? त्यांनी पेन्सिलीनं मांडून दाखवलं: पंचवीस जणांनी एवढी मतं घेतली, की सव्विसाव्याला तेवढी उरतच नाहीत.

मग बाद झालेल्या तळाच्या उमेदवाराचा गठ्ठा सुटला, त्यातली मतं पुढच्या पसंतीला द्यायला. जेमतेम बोटभर जाडीचा. पत्रिका उलगडायची, २ वर बोट ठेवायचं. तो आधीच निवडून आलेला. ३ वर, तो बाद झालेला. ४ वर बोट थांबलं, नाव पुकारलं गेलं आणि पत्रिका त्या खणात पडली. पुढच्या पत्रिकेवरचे सगळे आकडे निकाली निघालेल्यांचेच होते. "संपली," म्हणत त्यांनी ती वेगळी ठेवली. खाली कितीतरी नावांपुढचे रकाने कोरे होते. तो संपलेल्यांचा गठ्ठा वाढताना बघवत नव्हता. पहिल्या पसंतीसाठी गावोगाव फिरणारे उमेदवार मतदाराला खालचे आकडे भरायला शिकवत नाहीत, याचा मला राग येतो. शेवटच्या दोन-चार जागा तिथंच ठरतात.

मोजणी लांबते म्हणून कुरकुर करणारे भेटले. मला तो वेळ सत्कारणी लागलेला वाटतो. प्रत्येक हरकत सगळ्यांसमोर, कागदावर बोट ठेवून मिटते.

आणि पणाला लागलेलंही थोडंथोडकं नसतं. या राज्य कौन्सिलमधून एकच सदस्य दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियावर जातो. तिथं ठराव होतात आणि देशभरच्या वकिलांवर लागू होतात. नव्या वकिलांची अखिल भारतीय परीक्षा २०१० च्या अशाच ठरावांतून आली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ती २०२३ मध्ये वैध ठरवली. त्या एका सदस्याची निवड मात्र राज्य कौन्सिलच करते, तालुक्यातल्या वकिलाकडं त्यासाठी मतपत्रिका येत नाही. त्यानं दिल्लीत कोणत्या ठरावाला हात वर केला, हे प्रत्येक तालुक्याच्या बार रूममध्ये मराठीत लावायला हवं. त्या मुलीला मी तिच्या सहाव्या नंबरचा प्रवास सांगितला, तेव्हा तिचा पुढचा प्रश्न हाच होता: "आणि ठरावाला कोणी काय मत दिलं, ते कुठं वाचायचं?"