सरकारला उत्तर द्यायला लावणारा तास

महाराष्ट्र विधानसभेच्या तारांकित प्रश्नांची छापील यादी वाचायला घेतली, की तिची ठरलेली घडण लगेच लक्षात येते. खाते कोणतेही असो, प्रश्न पायरीपायरीने उतरत जातो. पहिल्या भागात घडलेली गोष्ट गाव, तालुका, महिना यांसह सांगून ‘हे खरे आहे काय’ असे विचारलेले असते. दुसऱ्या भागात ‘असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय’. तिसऱ्यात ‘असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’. आणि शेवटी हमखास येणारे वाक्य : ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

भाषा कार्यालयीन असली तरी रचना पक्की आहे. ‘हे खरे आहे’ म्हटले की काय केले ते सांगावे लागते. ‘हे खरे नाही’ म्हटले की तो इन्कार मंत्र्याच्या नावावर कायमचा नोंदला जातो. काहीच केले नसेल, तर उशिराचे कारण द्यावे लागते. निवडून आलेल्या माणसाने सत्तेला लेखी विचारावे आणि सत्तेने लेखी सांगावे, एवढ्या साध्या व्यवहारावर संसदीय लोकशाहीचा रोजचा गाडा चालतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ नुसार केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेला आणि अनुच्छेद १६४ नुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. ती जबाबदारी अधिवेशनात रोज डोळ्यांना दिसते, ती प्रश्नोत्तराच्या तासात.

प्रश्न खाली कुठवर जातो

समजा, एखाद्या आदिवासी तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद वर्षभर रिकामे आहे. गावकऱ्यांनी अर्ज केले, जिल्हा परिषदेत खेटे घातले, पण काही हलले नाही. मग तिथल्या आमदाराने तारांकित प्रश्न दिला आणि तो स्वीकृत झाला. विधानमंडळ सचिवालयाकडून तो मंत्रालयात सार्वजनिक आरोग्य विभागाकडे जातो. तिथला कक्ष अधिकारी तो आरोग्य संचालनालयाकडे पाठवतो, तिथून जिल्हा आरोग्य अधिकारी, तिथून तालुका, आणि अखेरीस तो त्याच आरोग्य केंद्राच्या दारात येऊन पोहोचतो. आता मात्र उत्तराला तारीख आहे. मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त कधीपासून, प्रस्ताव कोणत्या टेबलावर थांबला आहे, ही माहिती त्याच वाटेने पुन्हा वर चढते. उत्तराचा मसुदा होतो, त्याला पूरक टिपणी जोडली जाते, सचिव ती तपासतात आणि मंत्री सही करतात.

कार्यालयांत ‘एलएक्यू (म्हणजे विधानसभेचा प्रश्न) लागला आहे’ असे कोणी म्हटले, की इतर कामे बाजूला पडतात. महिनोन्महिने न सापडलेली फाइल सापडते. कित्येकदा सभागृहात उत्तर वाचले जाण्याआधीच रिक्त पदावर नेमणूक होते, कारण ‘कार्यवाही केली नाही’ असे लिहून द्यायची कोणाचीच इच्छा नसते. प्रश्नोत्तराच्या तासाची खरी ताकद मला इथे दिसते. टीव्हीवर दिसणारी मंत्री-आमदारांची खडाजंगी हा तिचा छोटासा भाग आहे. मोठा भाग सभागृहाबाहेर, तालुक्याच्या कचेरीत घडतो.

तारा कशासाठी

तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते, त्यावर चर्चा होत नाही. तातडीच्या सार्वजनिक विषयासाठी अल्पसूचना प्रश्न असतो. उत्तराने समाधान झाले नाही, तर अर्धा तास चर्चा मागता येते. आपल्या विधिमंडळात याच्या जोडीला लक्षवेधी सूचनाही आहे.

लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. राज्यसभेत ही संख्या १५ आणि १६० आहे. लोकसभेत किमान १५ पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते. मंत्रालयांचे पाच गट पाडून त्यांना सोमवार ते शुक्रवार वाटून दिलेले असतात आणि कोणाचा प्रश्न आधी, हे सोडतीने ठरते. त्यामुळे पहिल्यांदाच निवडून आलेल्या, शेवटच्या बाकावर बसणाऱ्या खासदारालाही ज्येष्ठ मंत्र्याला उभे करण्याची संधी मिळते. लोकसभेत हा तास सकाळी ११ वाजता सुरू होतो. राज्यसभेने २०१४ पासून तो दुपारी १२ वर नेला.

प्रश्न कसा असावा, याचेही नियम आहेत. त्यात युक्तिवाद नको, उपरोध नको, कोणाच्या खासगी चारित्र्यावर शिंतोडे नकोत, काल्पनिक परिस्थितीवर मत मागायचे नाही, न्यायालयात असलेल्या प्रकरणावर विचारायचे नाही. लोकसभेत शब्दमर्यादा १५० आहे. हे नियम जाचक वाटतील, पण त्यांच्यामुळे प्रश्न भाषणापासून वेगळा राहतो. ज्याचे उत्तर ‘होय’, ‘नाही’ किंवा आकड्यात देता येईल, असेच विचारायला ते भाग पाडतात.

वसाहतीच्या काळात मिळवलेला हक्क

हा हक्क आपल्याकडे आयता आला नाही. ब्रिटनमध्ये मंत्र्याला विचारलेला पहिला नोंदलेला प्रश्न १७२१ मधला, हाउस ऑफ लॉर्ड्समधला. साउथ सी कंपनीचा घोटाळा उघड होऊन तिचा रोखपाल पळून गेला होता. त्याला पकडले का, असे अर्ल काउपर यांनी विचारले होते. भारतात विधान परिषदेच्या सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळायला १८९२ चा कायदा यावा लागला. तीही अपुरी होती. सहा दिवसांची सूचना द्यायची, मिळेल ते उत्तर ऐकायचे, उपप्रश्न विचारायचा नाही.

फेब्रुवारी १८९३ मध्ये भिंग्याच्या राजांनी केंद्रीय परिषदेत पहिला प्रश्न विचारला. विषय होता दौऱ्यावरच्या सरकारी अधिकाऱ्यांच्या लवाजम्यासाठी रसद गोळा करताना खेड्यातल्या दुकानदारांना होणारा त्रास. देशातल्या पहिल्या प्रश्नाचे मूळ गावच्या दुकानात होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाचा अधिकार दिला आणि १९१९ च्या सुधारणांनी तो इतर सदस्यांनाही मिळाला. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये मुंबई विधान परिषदेवर निवडून गेले. गोपाळ कृष्ण गोखले आधी तिथे आणि मग १९१५ मध्ये निधन होईपर्यंत केंद्रीय परिषदेत होते. सरकार पाडण्याची ताकद नसलेल्या त्या परिषदांत आकडेवारी मागणे आणि ती सरकारच्याच तोंडून वदवून घेणे, हे मोठे हत्यार होते.

सव्वा कोटींचा प्रश्न

स्वतंत्र भारतात या हत्याराची धार पहिल्यांदा लखलखली, ती १९५७ मध्ये. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या कारकिर्दीत आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि सप्टेंबर १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. वर्षभरातच महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवल्याची कुजबुज सुरू झाली. लोकसभेत रामसुभग सिंह यांनी प्रश्न विचारला. सरकारची सुरुवातीची उत्तरे त्रोटक होती. फिरोज गांधींनी तो धागा सोडला नाही. ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार होते आणि पंतप्रधानांचे जावई होते, तरी त्यांनी डिसेंबरमध्ये सभागृहात संपूर्ण व्यवहार कागदपत्रांनिशी मांडला.

चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे आली. त्यांनी ती मुंबईत खुलेपणाने चालवली. ऐकायला इतकी गर्दी लोटली, की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. विम्याचा हप्ता भरणाऱ्या सामान्य माणसाच्या पैशाचा हिशेब एका प्रश्नातून सुरू झाला होता.

शब्द पाळला का?

मंत्री प्रश्नाच्या उत्तरात ‘तपासून पाहू’, ‘तीन महिन्यांत पदे भरू’ असे सांगतात. अधिवेशन संपते, आणि मग? या ‘मग’चा विचार लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या काळात झाला. १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद सांभाळल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. डिसेंबर १९५३ मध्ये लोकसभेची शासकीय आश्वासन समिती स्थापन झाली. मंत्र्याने सभागृहात दिलेला प्रत्येक शब्द टिपायचा आणि तो तीन महिन्यांत पाळला गेला का, हे पाहायचे, हे तिचे काम. महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. तिच्या नावाचा गाजावाजा होत नाही, पण प्रश्नोत्तराच्या तासाला स्मरणशक्ती देते, ती हीच समिती.

कसब कशात आहे

चांगला प्रश्न तयार करणे हे कसब आहे, आणि ते अभ्यासाने येते. गावाचे नाव किंवा महिना चुकला, की खाते त्या एका चुकीवर बोट ठेवून ‘हे खरे नाही’ म्हणते. मग पुढच्या सगळ्या भागांसमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे छापून येते आणि दुखणे जिथल्या तिथे राहते. एकाच वाक्यात दोन तक्रारी जोडल्या, तर ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर येते. त्यातले कोणते अंश खरे, ते शोधायला वेगळा उपप्रश्न लागतो. ‘माहिती घेण्यात येत आहे’ हे उत्तर आले, तर जागरूक सदस्य अध्यक्षांकडे तो प्रश्न राखून ठेवण्याची मागणी करतो.

खरी कसोटी उपप्रश्नाची. लेखी उत्तर खात्याने तयार केलेले असते. उपप्रश्नाला मंत्र्याला स्वतः उभे राहून बोलावे लागते. अधिकारी सज्जात बसलेले असतात, चिठ्ठ्या पुढे सरकतात, पण विषय मंत्र्याला ठाऊक आहे की नाही, हे दोन मिनिटांत सभागृहाला कळते. उपप्रश्नाच्या नावाखाली भाषण ठोकणारा सदस्य ही संधी घालवतो. ‘किती?’, ‘कधीपर्यंत?’, ‘जबाबदार कोण?’ एवढेच विचारणारा सदस्य मंत्र्याकडून तारीख घेऊन खाली बसतो. मधु लिमये यांचा दबदबा अशाच तयारीतून आला. पुण्यात जन्मलेला हा समाजवादी नेता बिहारमधून लोकसभेत निवडून जात असे. नियमपुस्तकावर त्यांची अशी पकड होती, की ते उठले की सत्ताधारी बाके सावध होत. मोठा पक्ष पाठीशी नसताना एकट्या अभ्यासू सदस्याला काय करता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

हा तास कोणाचा?

या तासाची हेळसांड झाली, की मन खट्टू होते. प्रश्न विकले गेल्याचीही नोंद इतिहासात आहे. १९५१ मध्ये मुंबईच्या सराफा संघटनेकडून लाभ घेऊन संसदेत तिचे काम केल्याबद्दल एच. जी. मुदगल यांना खासदारकी सोडावी लागली. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांची हकालपट्टी झाली. संसदेने स्वतःच्या सदस्यांना घालवले, कारण विकलेला प्रश्न म्हणजे मतदाराचा विकलेला आवाज.

काही वेळा हा तासच रद्द झाला : १९६२ च्या चीन युद्धात, १९७५ च्या आणीबाणीत, २०२० च्या करोनाकाळातल्या पावसाळी अधिवेशनात. २०२० मध्ये लेखी उत्तरे मिळाली, पण उपप्रश्न बंद होते. तरीही अशा प्रसंगांपेक्षा रोजचा गोंधळ जास्त नुकसान करतो. घोषणा होतात, सदस्य अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरतात, कामकाज तहकूब होते आणि सोडतीत पहिल्या क्रमांकावर आलेल्या प्रश्नाचे तोंडी उत्तर राहून जाते. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत यादीतले सर्व २० तारांकित प्रश्न पुकारले गेले. १९७२ नंतर असे पहिल्यांदाच घडले, म्हणून त्याची बातमी झाली. जे नेहमी व्हावे त्याची बातमी व्हावी, ही स्थिती आपण बदलायला हवी. गोंधळ विरोधकांनी घातला की सत्ताधाऱ्यांनी, हा वाद बाजूला ठेवला तरी सुटका होते ती उत्तर देणाऱ्याची, आणि बुडतो तो पाणी, शाळा, दवाखाना, पीकविमा यांची वाट पाहणारा माणूस.

यात आपल्यालाही काम आहे. संसदेचे आणि विधिमंडळाचे प्रश्नोत्तर छापले जाते आणि संकेतस्थळांवर सर्वांना वाचायला मिळते. आपल्या आमदाराने गेल्या अधिवेशनात काय विचारले, मंत्र्यांनी कोणता शब्द दिला, हे कोणालाही पाहता येते. गावच्या रस्त्याबद्दल ‘काम प्रगतिपथावर आहे’ असे उत्तर छापले गेले असेल आणि रस्त्यावर खडीही पडलेली नसेल, तर तो कागद ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि आमदाराला पुढच्या अधिवेशनासाठी पुराव्यासह नवा प्रश्न लिहून द्यावा. सभागृहाची दिशाभूल करणारे उत्तर हा मंत्र्यासाठी गंभीर मामला असतो. त्यावर हक्कभंग आणता येतो आणि चुकीची माहिती सभागृहातच दुरुस्त करावी लागते. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला आपण रस्ता मागतो, सभामंडप मागतो. त्याच्यासोबत एक गोष्ट आणखी मागू या : आमच्या वतीने काय विचारणार, आणि उत्तर आले नाही तर पुन्हा केव्हा विचारणार?