अब्ज वर्षांचा करार, गुरुवारचा हिशेब

नोकरीच्या करारात मुदतीचा रकाना असतो. अकरा महिने, तीन वर्षं, फार तर निवृत्तीपर्यंत. सायंटॉलॉजी या पंथाच्या ‘सी ऑर्ग’ या पूर्णवेळ सेवकांच्या तुकडीत दाखल होणारा माणूस एक अब्ज वर्षांच्या करारावर सही करतो. मेला तरी सुटका नाही. पुढच्या जन्मी परत यायचं आणि कामावर रुजू व्हायचं. सायंटॉलॉजीचं चर्च म्हणतं, ही मुदत प्रतीकात्मक आहे. चर्चप्रमुख डेव्हिड मिस्कॅव्हिज यांच्या पुतणीने, जेना मिस्कॅव्हिज हिल यांनी, ही सही केली तेव्हा त्यांचं वय होतं सात.

आपल्याला मोठ्या आकड्यांचं अप्रूप नाही. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. पूजेच्या संकल्पात कल्प-मन्वंतरं उच्चारून आपण नैवेद्याकडे वळतो. पण त्यावर कुणी सही मागत नाही. अब्ज वर्षांनी काय होईल याचा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधलेला आहे: सूर्य सुमारे दहा टक्क्यांनी प्रखर होईल आणि समुद्र आटू लागतील. सी ऑर्गचे लोक नौदलासारखा गणवेश घालतात, म्हणून आपलं सांगून ठेवलं.

भविष्यापेक्षा भूतकाळ आणखी दांडगा. सायंटॉलॉजीचे संस्थापक एल. रॉन हबर्ड मूळचे विज्ञानकथालेखक. १९६७ च्या सुमारास त्यांनी वरच्या पायरीच्या साधकांसाठी गुप्त शिकवण लिहिली. साडेसात कोटी वर्षांपूर्वी झीनू नावाच्या सत्ताधीशाकडे ७६ ग्रह होते, दर ग्रहावर सरासरी १७८ अब्ज लोक. गुणाकार होतो साडेतेरा लाख कोटी. माणूस नावाचा प्राणी आल्यापासून आजवर पृथ्वीवर जन्मलेल्या सगळ्यांची बेरीज अभ्यासक सुमारे ११७ अब्ज धरतात. झीनूच्या एकेका ग्रहावर त्याहून जास्त गर्दी! ही माणसं म्हणे पृथ्वीवर आणून ज्वालामुखींपाशी हायड्रोजन बॉम्बने उडवली, आणि पॅसिफिककडच्या आत्म्यांचे गठ्ठे हवाईत बांधले. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साधारण ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे त्या वेळी तोही नव्हता. हवाईची मुख्य बेटं तर साठ लाख वर्षांपलीकडे जात नाहीत. झीनूचं हे ज्ञान मिळेपर्यंत साधकाची बरीच वर्षं आणि बरेच डॉलर खर्ची पडलेले असतात.

रोजच्या जगण्यात मात्र कोट्यवधी वर्षांना कुणी विचारत नाही. तिथे राज्य असतं गुरुवारी दुपारी दोनचं. किती पत्रं पाठवली, किती पुस्तकं विकली, समुपदेशनाचे किती तास भरले, या सगळ्याचा आठवड्याचा आलेख त्या वेळी बंद होतो. रेघ मागच्या आठवड्याहून वर जायला हवी. खाली आली की जेवण भात-घेवड्यावर येतं आणि झोप कापली जाते, असं माजी सदस्य सांगतात. अब्ज वर्षांत असे सुमारे ५,२०० कोटी गुरुवार येतात.

पगार? आठवड्याला साधारण ५० डॉलर, हेही त्यांचंच सांगणं. काम शंभर तासांच्या घरात. म्हणजे तासाला अर्धा डॉलर. अमेरिकेचं संघीय किमान वेतन ७.२५ डॉलर आहे. अब्ज वर्षांची सगळी कमाई एकत्र केली तर ती २.६ लाख कोटी डॉलर भरते. भारताचं एका वर्षाचं सकल उत्पादन त्याहून मोठं आहे.

मला यातली खरी चलाखी दिसते ती दोन घड्याळांत. संघटनेचं काम गुरुवारी दोनच्या आत. तुमचं स्वतःचं काम, म्हणजे आईला भेटणं, दात दाखवणं, शिकणं, हे पुढच्या जन्मी. हातात अब्ज वर्षं असल्यावर दहा-वीस वर्षांची घाई कशाला?

माइक रिंडर १९७३ मध्ये अठराव्या वर्षी सी ऑर्गमध्ये गेले, चर्चचे प्रवक्ते झाले, २००७ मध्ये बाहेर पडले. तेव्हा कराराची ९९.९९९९९६६ टक्के मुदत बाकी होती. बायको आणि दोन मुलं आतच राहिली आणि त्यांनी संबंध तोडले. असं तोडणं हा ज्याचा त्याचा निर्णय असतो, अशी चर्चची भूमिका आहे. रिंडर यांनी पुढे आत्मचरित्र लिहिलं, ‘अ बिलियन इयर्स’. २०२५ च्या जानेवारीत ते वारले.

जाणाऱ्याच्या हाती बिलही पडतं. सेवेत असताना फुकट घेतलेल्या अभ्यासक्रमांची किंमत त्याच्या नावावर कर्ज म्हणून लागते. मार्क आणि क्लेअर हेडली हे जोडपं २००५ मध्ये बाहेर पडलं आणि आपल्याकडून सक्तीने काम करून घेतलं म्हणून न्यायालयात गेलं. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला: त्यांना निघून जाण्याच्या संधी होत्या, आणि गेलात तर घरची माणसं तुटतील ही भीती कायद्याच्या लेखी सक्ती ठरत नाही.