दृष्टीआडच्या हाताचा हिशेब

2018 साली अमेरिकेत विक्रीस आलेले मॅजिक लीप वन हे मिश्र वास्तवाचे यंत्र डोळ्यांवर चढवले असता समोरच्या खऱ्या मेजावर प्रकाशाची एखादी आकृती ठेवलेली दिसत असे आणि हातातल्या कंट्रोलरने ती उचलताही येत असे. परंतु तो हात नेमका कोठे आहे, याची वर्दी देण्याचे काम येथे कॅमेऱ्याकडे नसून चुंबकीय क्षेत्राकडे सोपवलेले होते.

या पद्धतीत कंट्रोलरमध्ये परस्परांशी काटकोन करणारी तारेची तीन वेटोळी असतात आणि त्यांतून वाहणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहामुळे भोवती सतत बदलते क्षेत्र उत्पन्न होते. शिरस्त्राणातील तशाच तीन ग्राहक वेटोळ्यांत, फॅरेडेने 1831 साली दाखवून दिलेल्या प्रवर्तनाच्या नियमानुसार, सूक्ष्म विद्युत्दाब निर्माण होतो. तीन प्रेषक आणि तीन ग्राहक मिळून नऊ आकडे हाती येतात आणि त्यांतून स्थानाची तीन व कलाची तीन अशी सहा अज्ञाते सोडवली जातात. अंतर दुप्पट झाले की क्षेत्र अष्टमांशावर येते, म्हणून जवळच्या अंतराची मोजणी अतिशय सूक्ष्म होते. मात्र त्याच कारणाने या यंत्रणेचा अंमल हाताच्या टप्प्यापलीकडे फार दूर चालत नाही.

ही विद्या जुनी आहे. व्हरमाँट राज्यातील पोलहेमस या संस्थेने 1970च्या दशकात तिचा पाया घातला, आणि 1979 साली फ्रेडरिक राब व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे गणित निबंधरूपाने प्रसिद्ध केले.

हात पाठीमागे नेला तरी त्याचा माग सुटत नाही, कारण शरीर या क्षेत्राला अडवत नाही. धातूचे मात्र तसे नाही: लोखंड क्षेत्राला आपल्याकडे ओढते, तर ॲल्युमिनियमच्या पत्र्यात चक्राकार प्रवाह उठून त्यांचे स्वतःचे क्षेत्र मूळ क्षेत्रात मिसळते. शिरस्त्राणातील धातूची जागा ठरलेली असल्यामुळे त्याची चूक एकदाच मोजून वजा करता येते. परंतु खोलीतल्या पोलादी कपाटासाठी अशी कायमची तजवीज नाही.

2022च्या मॅजिक लीप 2 मध्ये कंट्रोलरवरच कॅमेरे बसवून ही पद्धत बाजूस सारण्यात आली. तरीही तिचे महत्त्व उणावले, असे मानणे योग्य होणार नाही; हृदयाच्या आत सरकणाऱ्या कॅथेटरच्या टोकाचे स्थान आजही याच तत्त्वाने निश्चित केले जाते, आणि बाहेरच्या कोणत्याही कॅमेऱ्याची दृष्टी तेथवर पोहोचत नाही.