क्षयरोगानंतर पुन्हा कामाला लागताना

मैत्रिणींनो, क्षयरोगाचे औषध साधारण ६ महिने चालते. खोकला थांबला म्हणून गोळ्या सोडू नका; अर्धवट उपचाराने रोग उलटतो आणि त्याच गोळ्या पुढे लागू पडत नाहीत. उपचार चालू असताना निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी महिना १००० रुपये मिळतात, ते आपल्याच ताटासाठी वापरा.

मिरकरवाडा बंदरावर माशांची पाटी उचलणारीने उपचार संपताच ओझे घेऊ नये. आधी सपाट रस्त्यावर १० मिनिटे चालावे. चालताना बोलता आले, तर दर आठवड्याला थोडे वाढवावे. धाप लागली, तर थांबावे. खोकल्यातून रक्त पडले, तर लगेच दवाखाना गाठावा.

ओझे झेपतच नसेल, तर धंदा बदलण्यात कमीपणा नाही. रत्नागिरीच्या स्टार स्वरोजगार प्रशिक्षण संस्थेत नवे काम मोफत शिकता येते. हिशेब आणि गिऱ्हाईक सांभाळणे तर तुम्हाला येतेच. ते भांडवल आजार नेत नाही.